अस्थिमज्जेच्या मूलपेशींपासून कूर्चा: पेलेट (पेशींचा गोळा) मधोमध फिकट का राहतं, कोलॅजन टेन (पेशी हाडाकडे वळल्याची खूण) का येतं?

तिसरा_पॅसेज
माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी, पॅसेज ६ (म्हणजे सहा वेळा नव्या ताटलीत हलवून वाढवलेल्या). कोनिकल ट्यूबमध्ये ५ लाख पेशींचं पेलेट. मीडियम (पोषक द्रव) हाय ग्लुकोज डीएमईएम, त्यात आयटीएस (इन्शुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियम), डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, साधं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, टीजीएफ बीटा ३ (कूर्चेकडे वळवणारं वाढ-प्रथिन) दहा नॅनोग्रॅम प्रति मिली. मीडियम दर चौथ्या दिवशी बदलतो. २१ दिवसांनी अल्शियन ब्लू (कूर्चेतल्या शर्करा-साखळ्या निळ्या करणारा रंग) फक्त कडेला चढतो, गाभा रिकामा. शिवाय कोलॅजन टेन भरपूर. पेशी खराब की रेसिपी? पुढे याच पेशी हायड्रोजेलमधून सशाच्या गुडघ्यात घालायच्या आहेत.

सॅफ्रॅनिन
दोन्ही, पण आधी रेसिपी बघा.

५ लाख जास्त होतात. पेलेटमध्ये रक्तवाहिन्या नाहीत, सगळं मीडियममधून झिरपून आत जायचं. गोळा जाड झाला की गाभ्यातल्या पेशी उपाशी राहतात किंवा मरतात. अडीच लाख घ्या, ५०० जी ला ५ मिनिटं फिरवा, वर अर्धा मिली मीडियम. झाकण अर्धा आटा सैल ठेवा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड आत जात नाही आणि मीडियम जांभळट पडतं. पहिले २४ तास ट्यूबला हात लावू नका. तळाशी पसरलेला पातळ थर तेवढ्या वेळात आपोआप गोळा होतो.

साधं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड ३७ अंशांवर लवकर नासतं. ते नसलं की कोलॅजनमधल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल चढत नाही आणि तिपेडी दोर टिकत नाही. अ‍ॅस्कॉर्बेट-२-फॉस्फेट वापरा, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. सोबत प्रोलिन ४० मायक्रोग्रॅम प्रति मिली. मीडियम दर २-३ दिवसांनी बदला आणि टीजीएफ दर वेळी ताजं घाला. बाटलीभर मीडियममध्ये आधीच मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय असेल तर गुन्हेगार तिथेच सापडला. टीजीएफचा स्टॉक ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालून करा, कारण नुसतं प्रथिन प्लॅस्टिकला चिकटून बसतं. छोटे भाग करून गोठवा आणि एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका.

आता पेशी. पॅसेज ६ ला कूर्चा होण्याची ताकद बरीच ओसरलेली असते. २ ते ४ मध्येच उरका. वाढवताना एफजीएफ-२ (आणखी एक वाढ-प्रथिन) घातलं तर ती टिकायला मदत होते. पेलेट करण्याआधी सीरम धुऊन टाका.

तिसरा_पॅसेज
काही पेलेटं तळाला चिकटून चपटी होतात. त्याचं काय?

सॅफ्रॅनिन
ट्यूब पॉलिस्टायरिनची असणार. पॉलिप्रोपिलीनची घ्या. दुसऱ्या दिवशी ट्यूबला बोटाने हलकी टिचकी मारा, गोळा तरंगायला हवा.

आरपार
कोलॅजन टेनचं उत्तर मात्र रेसिपीत पूर्ण मिळणार नाही. टीजीएफच्या माऱ्याने या पेशी कूर्चेपाशी थांबत नाहीत, हाड होण्याच्या वाटेला लागतात: आरयूएनएक्स-२, एमएमपी-१३, अल्कलाइन फॉस्फटेज, त्या वाटेवरच्या खुणांची सगळी वरात मागोमाग. असं पेलेट उंदराच्या कातडीखाली ठेवलं तर त्यात कॅल्शियम साचतं. सांध्याच्या कूर्चेतल्याच पेशींचं पेलेट त्या वाटेला सहसा जात नाही. ऑक्सिजन ५ टक्क्यांवर ठेवल्यास थोडा लगाम बसतो. बीएमपी-२ (हाड घडवणारं वाढ-प्रथिन) घालून रंग गडद होईल, पण हाडाकडची घाईही वाढेल. नुसता निळा रंग बघून खूश होऊ नका. अल्शियन ब्लू २.५ पीएचला हायल्युरोनिक अ‍ॅसिडही रंगवतो, १.० पीएचला फक्त सल्फेटवाली साखळी रंगते. जीएजी (याच शर्करा-साखळ्या) मोजून डीएनएने भागा, म्हणजे पेशींच्या संख्येचा फरक निघून जातो. तुलनेला बिनटीजीएफचं पेलेट शेजारी हवंच.

कूर्चा_ते_हाड
सशाबद्दल, कारण खरी फसगत तिथे होते. माणसाच्या गुडघ्यात कूर्चा २-३ मिलिमीटर जाड, सशाच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर. ३ मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढाच खोल खड्डा पाडलात तर तो बहुतांश हाडातला खड्डा. मज्जा उघडली, म्हणजे न ठरवता मायक्रोफ्रॅक्चरच (मज्जा वर यावी म्हणून हाडाला भोकं पाडण्याची शस्त्रक्रिया) झालं: सशाच्या स्वतःच्या पेशी रक्ताच्या गुठळीसोबत वर येऊन खड्डा भरायला लागतात. कोवळ्या सशात तर काहीही न घालता बऱ्यापैकी भरतो. म्हणून पूर्ण वाढ झालेले ससे घ्या, आणि रिकामा खड्डा व बिनपेशींचं जेल हे दोन्ही गट ठेवा. यातला एक जरी वगळला, तरी श्रेय पेशींचं की मज्जेचं हे कुणालाच सांगता येणार नाही.

घातलेल्या पेशी उरल्या का, हे मानवी व्हायमेंटिनच्या (पेशीतल्या एका प्रथिनाच्या) अँटिबॉडीने तपासा. माणसाच्या पेशी सशात परक्याच, त्यामुळे आठवड्यांनी फारशा दिसल्या नाहीत तर दचकू नका. त्यांनी सोडलेल्या रेणूंचा परिणामही तेवढाच धरावा लागतो. कोलॅजन वनचा (तंतुमय ऊतीतल्या कोलॅजनचा) रंगही लावा. भरलेली ऊती पांढरी, गुळगुळीत दिसते आणि निघते तंतुमय कूर्चा, हे नेहमीचंच.

काप खड्ड्याच्या बरोबर मध्यातून घ्या. कडेचा तिरका काप शेजारची जुनी कूर्चाच नवी म्हणून दाखवतो.