उत्तर: घरीच शिकवता, मग मुलं दिवसभर करतात काय?

ताई, तुम्ही विचारलंय की घरी शिकणारी मुलं दिवसभर लोळत असतील ना, आणि दहावीचं काय. आम्ही मालाडला राहतो, मराठी ख्रिस्ती, दोन्ही मुलं घरीच शिकतात. लोळतात की, खोटं कशाला बोलू! सकाळी चहाबरोबर एक स्तोत्र वाचायचं, त्यात धाकट्याचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे, मग प्रार्थना, मग गणित, आणि अकरापर्यंत जे काही पदरात पडेल तोच खरा अभ्यास. परवा अपूर्णांक डोक्यात शिरेनात म्हणून चपातीचे आठ तुकडे केले, तर "तीन अष्टमांश खाल्ले" म्हणत चार गायब! इतिहासात पंडिता रमाबाई आल्या, त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं हे कळल्यावर थोरली लेक ग्रीक अक्षरं गिरवत बसली, दुपार गेली त्यात.

दहावी एनआयओएसमधून, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळातून, १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय घेता येतात, बोर्ड केंद्र सरकारचं आहे. सासूबाईंना अजून पटलेलं नाही, चर्चमध्ये कुणी "कुठल्या शाळेत?" विचारलं की त्या सरळ माझ्याकडे बोट दाखवतात.