कात्रज घाटात मारुती ८०० तापते : हेड उतरवण्याआधी काय तपासावे?

प्रश्न : कोथरूडकर

नमस्कार. वडिलांनी १९९७ मध्ये घेतलेली कार्बोरेटरची मारुती ८०० आजही आमच्याकडे आहे. तेल, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक शू ही कामे मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करतो. गेल्या महिन्यात आम्ही चौघे सामानासह साताऱ्याला निघालो असताना जुन्या कात्रज घाटात निम्म्या चढावर तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला, तेव्हा गाडी कडेला घेऊन बराच वेळ थांबावे लागले. शहरात मात्र सिग्नलला कितीही वेळ उभे राहिलो तरी पंखा वेळेवर सुरू होतो आणि काटा मध्यावरच राहतो.

गॅरेजमध्ये काहीही न तपासता हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याचे सांगण्यात आले. पण त्याची लक्षणे दिसत नाहीत : तेल स्वच्छ आहे, धूर पांढरा नाही, आणि गाडी सुरू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडेही दिसत नाहीत. सकाळी थंड गाडीचे बॉनेट उघडले की रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबल्यासारखा चपटा दिसतो. शेजारची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरलेली असते, म्हणून पाणी पुरेसे आहे असे मी धरून चाललो आहे. हेड उतरवण्याआधी घरच्या घरी आणखी काय पाहता येईल?

उत्तर : रास्ता पेठ

आपल्या प्रश्नातले शेवटचे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. चपटा पाइप आणि भरलेली बाटली, ही दोन्ही लक्षणे रेडिएटरच्या झाकणाकडे बोट दाखवतात. त्या झाकणात दोन झडपा असतात. गाडी तापली की मोठी झडप ठरावीक दाबानंतर उघडते आणि जास्तीचे पाणी बाटलीत जाते. गाडी निवली की आतल्या पोकळीमुळे मधली छोटी झडप उघडून तेच पाणी परत आत ओढले जाते. ही छोटी झडप चिकटली तर पाणी बाटलीतच अडकते, रेडिएटर रिता होत जातो आणि आतल्या निर्वात पोकळीमुळे मऊ पाइप आत ओढला जातो. म्हणजे बाटली भरलेली दिसत असताना रेडिएटरमध्ये पाणी कमी असू शकते.

झाकणाचे रबर कडक झाले असेल तर दुसरी अडचण येते : झाकण दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, तर ०.९ बार दाबाचे झाकण दाब धरून असेल तर तेच पाणी सुमारे ११७ अंशांपर्यंत उकळत नाही. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढू लागली की जाणवतो.

पूर्ण थंड गाडीचेच झाकण उघडा, तापलेल्या गाडीचे उघडल्यास वाफेने चेहरा आणि हात गंभीर भाजतात. पाणी गळ्यापर्यंत आहे का ते पाहा आणि मधली छोटी झडप नखाने हलकेच ओढून सोडा. नवे झाकण नाना पेठेत सहज मिळेल. फक्त जुन्यावर कोरलेला आकडा जुळवून घ्या, कारण जास्त दाबाचे झाकण जुन्या पाइपांना झेपत नाही.

उत्तर : जुनी पद्मिनी

वरील निदान मला पटते, परंतु केवळ झाकण बदलून थांबू नये. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या गाडीत कोणी ना कोणी बोअरचे पाणी घातलेलेच असते आणि त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. गाडी फिरवून आणल्यावर इंजिन आणि पंखा बंद करून जाळीजवळ तळहात फिरवा. एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा स्पष्टपणे थंड लागला तर तिथून पाणी वाहत नाही. अशा वेळी खालचा पाइप सोडून बागेच्या नळीने उलट्या दिशेने पाणी सोडावे आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. नंतर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून, हीटर असल्यास त्याची कळ गरमवर ठेवून भरावे, म्हणजे आत हवा अडकत नाही. जुने कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागते आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असते.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका, असा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. तो कृपया ऐकू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन सकाळी फार उशिरा गरम होते, चोक जास्त वेळ ओढावा लागतो आणि पेट्रोल वाया जाते. संशय असेल तर तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडताना डोळ्यांना दिसतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : कोथरूडकर

दोघांचेही मनापासून आभार. झाकणाची छोटी झडप खरोखरच गंजून चिकटली होती आणि बाटली भरलेली असूनही रेडिएटरमध्ये जवळपास पाऊण लिटर पाणी मावले. नवे झाकण लावल्यावर सकाळी पाइप गोल राहतो आणि बाटलीतली पातळी खालीवर होते. उलट धुताना पहिली दहा मिनिटे विटकरी रंगाचा गाळ आला. थर्मोस्टॅट पातेल्यात व्यवस्थित उघडला, म्हणून नवे गॅस्केट घालून तोच परत बसवला. काल चौघांना घेऊन पुन्हा जुना घाट चढलो. बोगद्यापर्यंत काटा मध्याच्या किंचित वर गेला, पंखा सुरू झाला आणि काटा तिथेच थांबला.