नऊ वर्षांचे दुखणे, दोन वर्षांची मुदत

साताऱ्याची लेक
‘ज्याला खरोखर दुखते तो नऊ वर्षे गप्प बसत नाही’ असे काल येथे एका डॉक्टरांनी लिहिले, आणि गोव्यातील एका परिचारिकेचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुदतबाह्य ठरवला ते योग्यच झाले, असेही जोडले. १९९३ मध्ये मुंबईत तिच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, पोट दुखतच राहिले आणि २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत आत राहिलेला गॉज (रक्त टिपण्याचे जाळीदार कापड) निघाला. दुखणे अंगावर काढत नोकरी करणाऱ्या बाईला खोटे ठरवणे मला सहन झाले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया जानेवारी २०१६ मध्ये झाली. त्यानंतर जांघेत निखारा ठेवल्यासारखी आग होई आणि पायजम्याचा स्पर्शही सोसवत नसे. सोनोग्राफीत काही दिसले नाही, म्हणून तीन डॉक्टरांनी ‘मनाचे आहे’ असे सांगितले. मार्च २०१८ मध्ये पुण्यातील एका वेदनातज्ज्ञांनी नसेजवळ भुलीचे इंजेक्शन दिले, तेव्हा वडील दोन वर्षांत प्रथमच काही तास शांत बसले. नस अडकलेली होती; पण तोवर ग्राहक आयोगात दावा करण्याची दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती.

कोल्हापूरचा सर्जन
ते मत माझेच आहे. ती परिचारिका प्रशिक्षित होती आणि दुखणे थांबत नसताना शल्यचिकित्सकांकडे परत जाणे तिला शक्य होते, हे न्यायालयानेच म्हटले आहे. आपल्या वडिलांविषयी मला सहानुभूती आहे, परंतु हर्नियानंतर नसेचे दुखणे राहणे हा काळजीपूर्वक काम करणाऱ्याच्या हातूनही घडणारा, माहीत असलेला धोका आहे. परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असे होत नाही, हे वैद्यकीय निष्काळजीपणावरील सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून स्पष्ट आहे. मी स्वतः ग्राहक आयोगात सहा वर्षे खेटे घातले आणि निर्दोष ठरलो. ती सहा वर्षे मला कोणी परत दिली नाहीत.

तालुक्याचा वकील
दोघांनीही परिचारिकेच्या दाव्याचा तो २०१० चा निकाल पूर्ण वाचावा. हानी उघड असेल तर मुदत त्या कृत्यापासून मोजावी. ती दडलेली असेल, तर रुग्णाला कळली किंवा वाजवी दक्षता घेतल्यावर कळू शकली असती, तेव्हापासून मोजावी, असे त्यातच सांगितले आहे. शिवाय पुरेसे कारण दाखवले तर आयोग विलंब माफ करू शकतो. ताई, ज्या निकालावर आपण रागावला आहात, त्याच्याच आधारे वडिलांचा अर्ज करता आला असता.

साताऱ्याची लेक
हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नाही, पण आपले म्हणणे मान्य करणे भाग आहे. तरीही तीन डॉक्टर ‘मनाचे आहे’ म्हणत असताना साध्या माणसाने आणखी कोणती दक्षता घ्यायची? केस पेपर मागायला आम्ही पाच वेळा गेलो आणि पाचही वेळा ‘शोधतो’ एवढेच उत्तर मिळाले.

निवृत्त रेकॉर्ड कारकून
खरे दुखणे येथेच आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. मग नऊ वर्षे दुखणाऱ्याने कोणता कागद दाखवायचा? मी ज्या खोलीत काम केले तेथे पावसाळ्यात गठ्ठ्यांना बुरशी येई, आणि गॉज मोजल्याची नोंद ज्या सुट्या कागदावर असे, तोच सर्वांत आधी गहाळ होई.

कोल्हापूरचा सर्जन
आता आपण सर्व डॉक्टरांना कागद लपवणारे ठरवत आहात, आणि हे मी ऐकून घेणार नाही! माझ्या खटल्यात मला कागदांनीच वाचवले.

निवृत्त रेकॉर्ड कारकून
साहेब, म्हणूनच म्हणतो, ते रुग्णाच्याही हाती असू द्या. आपल्याला वाचवणारा कागद त्याला का मिळू नये?

कोल्हापूरचा सर्जन
७२ तासांच्या नियमाला माझा विरोध नाही. ‘मनाचे आहे’ हे वाक्य नीट तपासणी न करता मीही काही वेळा उच्चारले आहे, आणि ते चुकीचे होते, एवढे मान्य करतो, त्यापलीकडे नाही. ताई, नसेच्या दुखण्याचा धोका वडिलांना शस्त्रक्रियेपूर्वी सांगितला होता का? संमतीपत्रात काय लिहिले होते?

साताऱ्याची लेक
संमतीपत्र इंग्रजीत होते आणि वडिलांनी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मराठीत सही केली. त्यात काय लिहिले होते हे आम्हाला आजही ठाऊक नाही, कारण ‘शोधतो’ म्हटलेल्या कागदांत तेही आहे.