मणि कौल टिकणार की नाही?

सागरवेल, रत्नागिरी
दिग्दर्शक मणि कौलचा 'उसकी रोटी' परत बघितला, १९७० चा. मोहन राकेशची गोष्ट, बसड्रायव्हर नवऱ्यासाठी रोट्या घेऊन बालो रस्त्याकडेला थांबते, जवळपास दोन तास तेवढंच. माझ्यासाठी मणि कौल मोठाच, कारण वाट बघणं असं कोणी दाखवलंच नाही. माझ्या आत्याचे मिस्टर एस्टीत ड्रायव्हर होते, ती डबा घेऊन फाट्यावर उभी राहायची, गाडी लेट झाली तरी काही बोलायची नाही, नुसतं डब्याचं फडकं सोडायची आणि परत बांधायची. पिक्चरमध्ये बालोचे हात जवळून दिसले आणि मला ते फडकंच आठवलं.

रापण, मालवण
आत्याचं पटलं, पण आत्या हा पिक्चर बघेल का? सगळे इतकं सपाट बोलतात की माणूस आत शिरतच नाही. सत्यजित राय काय मसालावाले नव्हते, पण कौल आणि त्याच्यासारखेच दिग्दर्शक कुमार शहानी यांची पद्धत त्यांनाही पटली नव्हती, लिहिलंय त्यांनी तसं. 'पथेर पांचाली' आमच्या वाडीत कुणालाही दाखवा, दुर्गा गेली की रडतील. टिकणं याला म्हणतात.

माडबन्या, देवगड
रडवलं म्हणजेच टिकलं का? 'दुविधा' घ्या, १९७३. विजयदान देथांची कथा, नवरा लग्न झाल्याझाल्या पाच वर्षं व्यापाराला जातो आणि भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. याच कथेवर पालेकरांनी २००५ मध्ये 'पहेली' केला, रंग, गाणी, शाहरुख, बघायला छान. पण नवरी गप्प बसलेली 'दुविधा'तच लक्षात राहते. चाकरमानी गणपतीला नि शिमग्याला येणार, बाकी वर्ष बाई एकटी, हे आपल्याला कोणी समजावायला हवं का? आणि संथ म्हणाल तर रात्रभर दशावतार बघतोच की आपण.

रापण
दशावतारात पेटी आहे, मृदंग आहे, नट समोरचं पब्लिक बघून आयत्या वेळी बोलणं वाढवतो. तिथे आपल्याला धरून ठेवतात हो. कौल धरतच नाही, त्याची 'ध्रुपद' डॉक्युमेंटरी मला आवडते ती डागर घराण्यातल्या उस्तादांच्या गाण्या-वाजवण्यामुळे.

सागरवेल
तो स्वतः झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकला होता, आलापीची सवय झालेला माणूस घाई कशाला करेल? असो, काल आत्याला सुरुवातीची वीस मिनिटं दाखवली. म्हणाली, "बस येत नसेल तर कुणाबरोबर निरोप तरी धाडावा माणसाने." आणि उठून गेली भाताला आधण ठेवायला. भात झाल्यावर मला विचारत होती, आली का रे बस?