‘दीर’ म्हणजे ‘दुसरा वर’? ही व्युत्पत्ती आता पुरे

शब्दवेल्हाळ:
लग्नसराई आली की ‘दीर म्हणजे द्वितीय वर’ हा संदेश फिरायला लागतो. नव्या सुनेला चारचौघांत तो ऐकवतात आणि हसतात. मला याचा मनापासून राग येतो. मुळात हे भाषेच्या कसोटीवरही टिकत नाही. दीर हा शब्द प्राकृत ‘दिअर’, संस्कृत ‘देवर’ असा मागे जातो, आणि त्याचं जुनं रूप ‘देवृ’. पितृ, भ्रातृ यांच्यासारखंच ऋकारान्त. त्यात ‘वर’ आहेच कुठे? नवऱ्याच्या भावाला लॅटिनमध्ये ‘लेव्हिर’, ग्रीकमध्ये ‘दाएर’, रशियनमध्ये ‘देवेर’. सगळे एकाच मुळाचे.

कृष्णाकाठ:
हे व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी रचलेलं नाही हो. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन ग्रंथातच आहे: ‘देवरः कस्मात्? द्वितीयो वर उच्यते.’ ज्या ऋचेवर हे येतं (ऋग्वेद १०.४०.२), तिच्यात विधवा दिराला शय्येकडे नेते अशी उपमा आहे. नियोगाची, म्हणजे मुलासाठी विधवेने दिराशी संबंध ठेवण्याची, चाल होती. व्युत्पत्ती चुकली म्हणून समाजाचा तो पुरावा पुसता येत नाही.

शब्दवेल्हाळ:
चाल होती, मान्य. पण यास्काने चाल पाहून शब्द फोडला. जुन्या वैयाकरणांनी नणंदेचंही तसंच केलंय, ‘न नन्दति’ म्हणून ननान्दृ! भावजयीवर खूश नसते ती नणंद. याला भाषाशास्त्र म्हणायचं?

ओवी:
मराठीपुरतं बोलते. हिंदीत देवर फक्त धाकटा, थोरला तो जेठ. आपल्याकडे थोरला काय, धाकटा काय, दोघेही दीरच, आणि हाक मारायची ती ‘भावजी’. त्यात ‘भाव’ आहे, वर नाही. आणि या नात्यात बाईची होणारी कुचंबणा आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत आहे: दिराची नजर वाईट, नवरा तापट, घर फुटेल या भीतीने सून कुणापाशी बोलत नाही, नुसती वाळत जाते. ‘दुसरा वर’ म्हणून हसणाऱ्यांनी ही गाथा एकदा वाचावी.

कृष्णाकाठ:
गाथा अगदी चपखल दिलीत. थट्टा थांबवा, माझीही हरकत नाही. पण निरुक्तातली ओळ गाळून शिकवू नका. हरियाणा-पंजाबात करेव्याने विधवेचं दिराशी लग्न लावत आले, बऱ्याचदा जमीन घराबाहेर जाऊ नये म्हणून. तिथे तिची मर्जी कोणी विचारली होती?