कब-बुलबुल ते राष्ट्रपती पुरस्कार : तुम्ही कुठवर चढलात?

२२ फेब्रुवारी म्हणजे चिंतन दिन, स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचाही वाढदिवस. त्या निमित्ताने विचारते : कोण कोण कब-बुलबुल (धाकटी मुलं-मुली), स्काउट-गाइड (त्याहून मोठी), रोव्हर-रेंजर (तरुण) होतं? बॅज कोणता मिळाला यापेक्षा तो मिळवताना काय काय केलंत, ते लिहा.

सुरुवात मीच करते. मी बुलबुलपासूनची. कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख असे बुलबुलचे टप्पे करत मोठी झाले. पण मनात घर केलं ते गाइडमधल्या 'खरी कमाई'ने, म्हणजे स्वतः कष्ट करून पैसे मिळवण्याच्या उपक्रमाने. शाळेच्या मैदानावर आमच्या संघाने भेळ विकली. कांदा चिरण्यापासून हिशेबाच्या वहीपर्यंत सगळं आमचं आम्हीच. घरून मागून आणलेले पैसे चालायचे नाहीत. त्या चिल्लरीचा जो अभिमान वाटला, तो पुढे पहिल्या पगाराचाही वाटला नाही.

सांगलीकडचा स्काउट
स्काउटचे टप्पे असे : प्रवेश, प्रथम सोपान (पायरी), द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार. माझा जीव गाठींवर. जखमेच्या पट्टीला रीफ नॉट, कारण ती चपटी बसते, टोचत नाही. काठ्या बांधायला सुरुवात क्लोव्ह हिचने. माणसाला दोराने वर ओढायचं तर बोलाइन, तिचा फास आवळत नाही. सर म्हणायचे, गाठ सांगू नकोस, बांध. आणि बांधलीस की कुठे वापरशील ते दाखव.
संघनायक, म्हणजे आमच्या छोट्या गटाचा प्रमुख, झालो तेव्हा धाकट्यांची प्रवेशाची तयारी माझ्याकडे आली. समोर बसून गाठ दाखवली की पोरांना सगळं उलटं दिसायचं. म्हणून शेजारी बसून, एकाच दिशेला तोंड करून शिकवायला लागलो. आता आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, तिथेही मुलाच्या शेजारीच उभा राहतो. माझ्या मते संघनायकपण हाच स्काउटिंगचा गाभा. सोपानाचे बॅज त्यानंतर.

नाशिकहून एक रोव्हर
मागखुणा कोणाला आठवतात? बाण म्हणजे या वाटेने, फुली म्हणजे इकडून नाही, वर्तुळात ठिपका म्हणजे 'मी घरी गेलो'. केनियात न्येरीला बेडन-पॉवेल यांच्या कबरीवर हीच शेवटची खूण आहे. हे कळलं त्या दिवशी फार भरून आलं होतं.

गाइड कॅप्टन, जिल्हा परिषद शाळा
माझ्या गाइड पथकातल्या मुली बिनभांड्याचा स्वयंपाक करतात, काठ्या आणि घोंगडीचं स्ट्रेचर करतात, शेकोटीला न लाजता नाच बसवतात. तृतीय सोपानापर्यंत उत्साह असतो. पुढे राज्य पुरस्काराचं शिबिर आलं की घरून निरोप येतो : मुक्कामाला पाठवणार नाही, दहावी जवळ आली. मी घरोघरी जाऊन बसते, शिबिरात झोपायची सोय कशी, सोबत कोण, सगळं सांगते. काही घरं ऐकतात. इथे वाचणाऱ्या पालकांनो, तुमच्या मुलीचं लॉगबुक (तिने केलेल्या कामांची नोंदवही) एकदा तिच्यासोबत बसून वाचा आणि मगच हो-नाही ठरवा.