पोस्टग्रेस (डेटाबेस) ११ वरून १५ वर गेलो आणि सर्व्हर रांगायला लागला

शनिवारी रात्री पीजी-अपग्रेड टूलने लिंक मोडमध्ये (डेटा फाइल्स कॉपी न करता) अपग्रेड केलं, पटकन झालं म्हणून खूश होतो आणि सोमवारी सकाळी अकाउंट्सवाल्यांचे फोन सुरू, २ सेकंदांत येणारा रिपोर्ट आता दीड मिनिट घेतोय. रॅम तीच, डिस्क तीच, कॉन्फिगपण जुनीच. काय बघू?

उत्तर:
ॲनलाइझ (टेबलांतल्या डेटाचे स्टॅटिस्टिक्स गोळा करणारी कमांड) मारलंस का? १८ च्या आधीचं पीजी-अपग्रेड टेबलांचे स्टॅटिस्टिक्स सोबत आणत नाही, मग प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) आंधळ्यासारखा चाचपडतो. व्हॅक्यूमडीबी कमांड ॲनलाइझ-इन-स्टेजेस पर्याय घालून सगळ्या डेटाबेसवर चालव. अपग्रेड संपताना स्क्रीनवर सांगतं तसं, पण वाचतंय कोण.

प्रश्नकर्ता:
नव्हतं मारलं 🙈 प्लॅनमध्ये अंदाज १ रो आणि प्रत्यक्षात ४ लाख, त्यावर नेस्टेड लूप (एकेक रो घेऊन टेबल जोडणं)! आता हॅश जॉइन (खूप रो असताना जोडायची वेगवान पद्धत) घेतोय, ६ सेकंद. पण आधी २ होते ना?

दुसरं उत्तर:
एक्सप्लेन ॲनलाइझच्या (प्लॅन आणि लागलेला वेळ दाखवणारी कमांड) आउटपुटच्या तळाशी जेआयटी (क्वेरी चालताना तिचे भाग कंपाइल करणं) दिसतंय का बघा. ११ मध्ये ते डीफॉल्ट बंद होतं, १२ पासून चालू. कॉन्फिगमध्ये ती ओळ कमेंटच असणार, म्हणजे नवीन डीफॉल्ट लागला. सेशनपुरतं ऑफ करून बघा.

प्रश्नकर्ता:
सव्वाचार सेकंद नुसते कंपाइलला जात होते राव! बंद केलं, १.८ वर आलं. फोन थांबलेत.